दामलेबाईंच्या चिठ्ठ्या

दामलेबाई जाऊन आज बेचाळीस दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. दहाव्याला आलं नाही, तेराव्यालाही नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मला बघून डोळ्याला पदर लावतात, "अठरा वर्षं काढलीस गं त्यांच्याकडे," म्हणतात, आणि मीच त्यांना पाणी आणून देते. शोकसभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलेलं. मी माईक हातात धरला, म्हटलं, "बाई वेळेच्या पक्क्या होत्या," आणि खाली बसले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एवढंच?" म्हटलं, एवढंच आलं. आत हात घातला तर काही लागतच नाही, त्याला मी काय करू? म्हणून लिहायला बसलेय. बोलून जमलं नाही, लिहून जमतंय का बघू.

बाई डोंबिवलीतल्या एका ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. पन्नाशीत नोकरी सोडली आणि फडके रोडच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर वधू-वर केंद्र काढलं. लोक हसले. इतकं शिकून शेवटी लग्नं जुळवणार? बाई म्हणायच्या, "माणूस डोकं कसं चालवतो हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आता जरा बघते." मी तिथे फोन घ्यायला, फायली लावायला आणि चहा-पोहे करायला लागले. आम्ही सावंतवाडीकडचे, मी बारावी झालेली, मला वाटलं सहा महिने करू आणि सोडू.

दिसायला बाई एवढ्याशा. सुती साडी, चष्म्याला दोरी, आणि खुर्चीत बसल्या की पाठ कधी टेकायची नाही. आवाज कधी चढवला नाही, पण त्यांच्यासमोर बोलताना माणूस आपोआप सावरून बसायचा. "मला आठवतंय" हा शब्द त्यांना चालायचा नाही. त्या स्वतः म्हणायच्या, "मला आठवतंय असं मला वाटतंय." सुरुवातीला मला वाटायचं ही काय डोक्यावर मिरे वाटणारी बाई आहे! एकदा विचारलं, "शोभा, गॅसचा नंबर लावलास?"

"लावला की."

"लावल्याचं आठवतंय, की लावायचं ठरवल्याचं आठवतंय?"

मी फणकाऱ्याने फोन काढून दाखवायला गेले. आणि मेलं, नव्हताच लावलेला! सकाळी भाजी निवडताना ठरवलेलं, तेच डोक्यात पक्कं होऊन बसलेलं. बाई नुसतं "हं" म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

बाईंचं म्हणणं असं, की आठवण काही कपाटात घडी घालून ठेवलेली नसते. दरवेळी ती आमटीसारखी नव्याने करावी लागते, आणि घरात त्या दिवशी जे असेल ते तिच्यात पडतं. राग असला तर राग पडतो. आणि करणाऱ्याला वाटतं, ही कालचीच आमटी आहे.

माझ्यावर तर त्यांनी प्रयोगच केला. मी एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की बघायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी निळा शर्ट घातलेला, बाह्या दुमडलेल्या, आणि मी तिथेच ठरवून टाकलेलं, हाच. बाई म्हणाल्या, "फोटो आहे?" गावाहून सासूबाईंकडून फोटो मागवला. आमचे हे पिवळट सफारीत, घामाघूम. निळा शर्ट शेजारी बसलेल्या माझ्या धाकट्या दिराचा! बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. पुढे महिनाभर दिराला चहा देताना मीच बिचकायचे.

केंद्रातसुद्धा त्यांचे असले नियम. कार्यक्रम नेहमी दुपारी चारला, जेवणाच्या तोंडावर कधी नाही. म्हणायच्या, "भुकेल्या माणसाला मुलगी नाही, पोहे पसंत पडतात." एका वेळी तीनच स्थळं दाखवायच्या. कोणी म्हणालं, अजून दाखवा ना, तर फाईल मिटून टाकायच्या. चौथं दाखवलं की माणूस पहिल्या तिघांत खोट काढायला लागतो, आणि दहावं दाखवलं की "बघू" म्हणून घरी जातो तो जातोच, असं त्यांचं अठरा वर्षांचं निरीक्षण होतं. तेवढ्यावरून गिऱ्हाइकं परत गेली, पण बाई हलल्या नाहीत.

आणि चिठ्ठ्या. आमच्या केंद्राचं नाव लोकांना आठवत नसे, पण "त्या चिठ्ठीवाल्या बाई" म्हटलं की अख्ख्या डोंबिवलीत पत्ता मिळायचा. बघण्याचा कार्यक्रम केंद्राच्या मोठ्या खोलीत व्हायचा. तो संपला, की कोणी कोणाशी बोलायच्या आत बाई सहा चिठ्ठ्या वाटायला लावायच्या. मुलगा, मुलगी आणि दोघांचे आईवडील. कोणी गॅलरीत, कोणी जिन्यात, कोणी स्वयंपाकाच्या ओट्याशी. प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, काय वाटलं, हो की नाही, आणि का. घडी घालायची, पाकिटात टाकायची, पाकीट बंद. बाईंनीही ते उघडायचं नाही. आठ दिवसांनी काय तो निर्णय कळवा, आणि तेव्हा वाटलं तर येऊन आपली आपली चिठ्ठी वाचून जा.

लोक वैतागायचे. एक मुलाचे वडील म्हणाले, "परीक्षेला बसवलंय का आम्हाला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "एकदा जिना उतरलात की तुमच्या मिसेस काहीतरी म्हणतील. रिक्षात बसेपर्यंत तुम्हालाही तेच वाटायला लागेल. आणि घरी पोचल्यावर तुम्ही शपथेवर सांगाल, की मला तर पहिल्यापासून हेच वाटत होतं. म्हणून आत्ता लिहा." त्यांच्या मिसेसनी आधी पेन्सिल उचलली.

या चिठ्ठ्यांचा खरा उपयोग लग्नं जमताना नव्हे, मोडताना व्हायचा. कल्याणच्या एक बाई, मुलाच्या आई, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर तणतणत आल्या. सुनेचं नि त्यांचं फाटलेलं. "मला पहिल्याच दिवशी खटकलेली ती मुलगी! मी बोलले पण होते! तुम्हीच गळ्यात मारलीत." बाईंनी मला पाकीट काढायला लावलं, त्यांची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यात लिहिलेलं, 'मुलगी हसरी. आवडली. घरात उजेड येईल.' त्या बाईंनी ती तीनदा वाचली आणि म्हणाल्या, "हे माझं अक्षर नाही." आणि दाराशी ठेवलेल्या येण्याजाण्याच्या वहीत त्याच अक्षरात सही करून निघून गेल्या.

मी म्हटलं, "केवढं खोटं बोलतात!"

"खोटं नाही गं बोलल्या," बाई म्हणाल्या. "त्यांना खरंच तसं आठवतंय. त्यांना त्या मशीनमध्ये घातलं ना, खोटं पकडायच्या, तरी पास होतील."

मला हे पटायचं नाही. केतकीचं ते सगळं होईपर्यंत पटलं नाही.

केतकी म्हणजे बाईंची एकुलती एक मुलगी. वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत कामाला, शिकलेली, बोलायला फटकळ. सहा वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, ते आमच्याच केंद्रातून. स्थळ चांगलं वाटलेलं. मुलगा ठाण्याचा, मोठ्या पगाराचा, मोजकं बोलणारा. पुढे कळलं, की तो रागावला की बोलणंच बंद करायचा. चार दिवस, पंधरा दिवस. एकदा दोन महिने. घरात हिने हाक मारावी आणि याने भिंतीकडे बघावं. केतकीला दिवस गेले, ते दुसऱ्या महिन्यातच पडलं, आणि त्या आठवड्यातसुद्धा तो बोलत नव्हता. ती एकटी रिक्षा करून दवाखान्यात गेलेली आणि एकटी परत आलेली.

तीन वर्षांपूर्वी ती त्या घरातून निघाली. पण आईकडे डोंबिवलीला आली नाही. ठाण्यातच टेंभी नाक्याच्या मागे एक खोली भाड्याने घेतली आणि आईशी बोलणं टाकलं. शेवटचा फोन मी समोर असताना झालेला, बाईंनी स्पीकरवर ठेवलेला, कारण त्यांना कमी ऐकू यायला लागलेलं.

"मी चिठ्ठीत 'नाही' लिहिलेलं, आई. तू ती दाबलीस."

"तू 'हो' लिहिलंस, केतकी. घडी घालताना मला दिसलं."

"मला पेन्सिल आठवतेय. टोक मोडलेलं. मी दाबून 'नाही' लिहिलं."

"आणि मला तुझा 'हो' आठवतोय."

फोन ठेवल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की आपण "आठवतोय" म्हणालो. मलाही आलं. मला तर मनातून बाईंचंच खरं वाटत होतं, कारण मलाही दिसत होतं ना! केतकी गॅलरीत बसलेली, मांडीवर चिठ्ठी, पेन्सिल दातात धरलेली. मी त्या वेळी हजर होते.

पाकीट कपाटातच होतं. उठून काढायचं की मिटलं. पण तीन वर्षं बाईंनी ते काढलं नाही. गावभरच्या लोकांना त्यांच्या चिठ्ठ्या दाखवणारी बाई, आणि स्वतःच्या मुलीचं पाकीट उघडेना! मी एकदा न राहवून बोलले, "उघडा की एकदाचं." तर म्हणाल्या, "'हो' निघालं तर मी जिंकेन, आणि मुलगी जाईल. 'नाही' निघालं तर काय होईल, ते मला बघवणार नाही." मी पुन्हा तो विषय काढला नाही. तिकडे केतकीही अडकूनच होती. घटस्फोटाचा अर्ज करेना, परतही जाईना. तिची मैत्रीण कधी भेटली की सांगायची, विचार करतेय म्हणते.

गेल्या वर्षाच्या शेवटी बाईंना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी सांगितलं हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करावं लागेल, वय बघता धोका आहे. दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला केंद्रात आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "शोभा, केतकीचं पाकीट काढ."

मी काढलं. त्यांनी कात्रीने नीट कापलं आणि चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. मुलाची. त्याच्या आईची. त्याच्या वडिलांची. आमच्या काकांची, म्हणजे बाईंच्या मिस्टरांची, ते केतकीच्या लग्नानंतर वर्षभरात गेले. आणि बाईंची स्वतःची. त्यात लिहिलेलं, 'मुलगा शांत आहे. केतकीला सांभाळून घेईल. होकार.'

मी पाकीट झटकलं. उलटं केलं. आत बोट घालून बघितलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

पाकिटावर कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, एकूण पाच.

मग मला हळूहळू दिसायला लागलं, किंवा दिसतंय असं वाटायला लागलं. त्या दिवशी पोहे मी केलेले आणि चहा केतकीने. कार्यक्रम संपल्यावर ती कप विसळत होती, कारण केंद्र म्हणजे तिच्या घरचंच. बाईंनी मोजून कागद कापले, माझ्या हातात दिले, म्हणाल्या, वाटून ये. मी वाटून आले. पाच कागद, पाच माणसं. मुलाला दिला, त्याच्या आईला दिला, काकांना दिला. ओट्याशी केतकी उभी होती, तिच्या बाजूने मी दोनदा गेले. मलाही वाटलं नाही की हिला द्यायचाय. गॅलरीत पेन्सिल दातात धरून बसलेली ती दुसरीच कोणाची तरी मुलगी असणार, अठरा वर्षांत शेकडो बसल्या तिथे.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगातल्या सगळ्या मुलींना विचारलं, आपल्या मुलीला विचारायचं राहिलं. आणि चिठ्ठ्या मी वाटल्या. हे मी कितीदा मनात म्हणते, चिठ्ठ्या मी वाटल्या, चिठ्ठ्या मी वाटल्या, तरी आत काही हलत नाही. त्याच दिवसापासून असं झालंय बहुतेक.

रविवारी आम्ही ठाण्याला गेलो. बाईंना चढउतार झेपत नव्हती म्हणून टॅक्सी केली. शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी धीर करून म्हटलं, "बाई, एक बोलू? सांगा ना तिला की 'नाही' निघालं. ती तेच म्हणतेय तीन वर्षं. माफी मागा, ती पण निवळेल. ऑपरेशनच्या आधी कशाला उगाच?"

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "त्याचा अर्थ असा होईल, की ती नाही म्हणाली आणि मी ऐकलं नाही. मला ते सोपं आहे गं. खरं त्याच्याहून वाईट आहे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि अजून एकदा तिच्या वतीने मीच ठरवू का, तिला काय सांगायचं ते?"

मी ड्रायव्हरला काच वर घ्यायला सांगितली, धूर आत येत होता.

केतकीची खोली तिसऱ्या मजल्यावर. बाई प्रत्येक वळणावर थांबल्या. दार उघडल्यावर केतकीने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि बाजूला झाली. किती वाळलेली! ओठ पांढरे. मी पटकन म्हटलं, "पाणी दे गं आधी, जिना चढून आल्यायत." तिने दिलं. बाईंनी ते संपवलं, पेला खाली ठेवला आणि पाच चिठ्ठ्या कॉटवर मांडल्या, जशा केंद्रात मांडल्या होत्या तशाच.

"तुझी यात नाही," त्या म्हणाल्या.

"मला माहीतच होतं. काढून टाकलीस ना?"

"तुला दिलीच नव्हती, केतकी. मी पाचच कागद कापले. पाकिटावर लिहिलंय बघ. तू आत कप धूत होतीस. मला सुचलंच नाही. आठ दिवसांनी मी त्यांना परस्पर होकार कळवला आणि तुला येऊन सांगितलं, जमलं म्हणून. तू हसलीस, असं मला वाटतंय. तेही खरं असेलच असं नाही."

केतकीने पाकीट हातात घेतलं. "नाही. मी लिहिलेलं. पेन्सिलचं टोक मोडलेलं, आई. मला आठवतंय ना!" तिने माझ्याकडे बघितलं. "शोभामावशी, तू होतीस. तू दिलेली मला."

मी म्हटलं, "नाही गं बाळा. मीच वाटल्या त्या. तुला नाही दिली."

ती कॉटच्या कडेला बसली. मग बोलली ते इतक्या हळू, की बाईंना ऐकू आलं की नाही कोण जाणे.

"सहा वर्षं मी एवढं एकच धरून बसलेले. की मी निदान नाही म्हटलेलं. तो पंधरा-पंधरा दिवस बोलायचा नाही, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून स्वतःला तेच सांगायचे. माझी चूक नाही, मी नाही म्हटलेलं." मग आवाज चढला. "म्हणजे मी नाहीसुद्धा म्हणाले नव्हते?"

"तुला कोणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या.

मला वाटलं आता ही किंचाळेल, काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. खालून बँडवाल्यांचा सराव ऐकू येत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा. बाई खुर्चीत बसलेल्या, पाठ न टेकता, धाप लागलेली, पण मान सरळ. त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती केतकीला द्यावी लागली असती.

"मग विचार," केतकी म्हणाली.

"काय?"

"जे विचारलं नाहीस ते. आता विचार."

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, हे काय आता, सहा वर्षं होऊन गेली. पण बाईंनी चष्मा नीट केला, हात मांडीवर ठेवले. अठरा वर्षांत मी त्यांना परक्यांच्या मुलींशी बोलताना ऐकलंय, तोच तो हलका, घाई नसलेला आवाज त्यांनी काढला.

"केतकी, तुला हा मुलगा पसंत आहे का? विचार करून सांग. कोणाचं मन राखायचं नाही."

केतकीने खरंच विचार केला. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एकदा तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही, आई. मला नाही पसंत."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग मी नाही म्हणून कळवते त्यांना."